‘मत्स्य ६०००’ तळाशी जाऊन मोजणार काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माणसांना खोल समुद्राच्या तळाशी नेणाऱ्या ‘समुद्रयान’ मोहिमेच्या आणि तिच्या ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येत असतात. त्यांत २.१ मीटर व्यासाच्या आणि ८० मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियमच्या गोलाचे वर्णन असते. तीन माणसे ६००० मीटर खोल जाणार, नेहमीचे काम १२ तासांचे आणि संकटात ९६ तास तग धरण्याची सोय, हेही असते. हे सगळे महत्त्वाचेच आहे. पण तळाशी पोहोचल्यावर तिथल्या पाण्याची, चिखलाची, दगडाची परीक्षा कशाने करणार, हा प्रश्न त्या बातम्यांत फारसा दिसत नाही. आमच्या मते या मोहिमेतून देशाच्या हाती काय लागेल, हे गोलाच्या बाहेर बसवलेल्या मोजमापाच्या यंत्रांवर ठरणार आहे, आणि त्यांत लेझरवर चालणाऱ्या वर्णपटमापकांना (स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून पदार्थ ओळखणारी यंत्रे) पहिली जागा मिळायला हवी. दुसरे असे की, या यंत्रांसाठी लागणारे तयारीचे बरेचसे काम जहाजावर होतच नाही. ते टेबलावर होते, आणि समुद्रापासून दूर असलेल्या सोलापूरच्या महाविद्यालयांनाही ते जमण्यासारखे आहे. हे दोन्ही मुद्दे तपशिलाने मांडायचे असल्याने पत्र लांबले आहे.

तळाचा नमुना वर आणून तपासला तर काय बिघडते? दर १० मीटरला साधारण एक वातावरण या हिशेबाने ६००० मीटरवर दाब ६०० वातावरणांच्या आसपास असतो, आणि पाणी जेमतेम दोन-तीन अंशांचे. त्या दाबाखाली विरघळून राहिलेला मिथेन नमुना वर येताना सोड्याची बाटली उघडल्यासारखा फसफसून निघून जातो. पृष्ठभागावरच्या दाबाला लिटरभर पाण्यात मिथेन साधारण दीड मिलिमोल (मोल हे रेणूंच्या संख्येचे एकक) टिकतो. खोलवरच्या चिखलातल्या पाण्यात तो याच्या कितीतरी पट असू शकतो. त्यामुळे जहाजावरच्या प्रयोगशाळेत निघणारा आकडा हा नळीत उरलेल्या वायूचा असतो, तळाचा नसतो. पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेन अडकून बनलेला गॅस हायड्रेट तर दाब उतरला आणि ऊब लागली की मोडतोच, आणि एका घनमीटरमधून सुमारे १६४ घनमीटर वायू सोडतो. उष्ण झऱ्यांजवळची सल्फाइड खनिजे हवा लागली की बदलतात. कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पाण्याचा पीएच चढतो, पीएच चढला की चुना खाली बसू लागतो. दाब राखून नमुना वर आणणारी भांडी आहेत, पण ती जड आणि महाग, आणि एका खेपेला मोजकेच नमुने आणतात.

आता लेझरकडे. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन ‘नारकुंडा’ जहाजाने इंग्लंडहून परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅले यांचे म्हणणे त्यांना पटले नव्हते. निकोल प्रिझमने पृष्ठभागावरची परावर्तित चमक वगळून पाहिली तरी पाण्याचा निळा रंग उरतो, हे त्यांनी जहाजावरच तपासले आणि मुंबई बंदरातून ‘नेचर’ला तसे कळवले. त्याच विचाराच्या वाटेवर २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणाम, म्हणजे विखुरताना प्रकाशाचा रंग बदलणे, सापडला. समुद्राच्या प्रश्नातून निघालेली ही पद्धत समुद्रातच पुन्हा वापरात यायला पाऊणशे वर्षे गेली, कारण तिला लागणारा एकरंगी, तीव्र प्रकाश लेझर येईपर्यंत नव्हता आणि मंद प्रकाश टिपणारे सीसीडीही नव्हते.

पद्धत अशी. हिरव्या लेझरचा झोत पाण्यावर किंवा खनिजावर टाकला की बहुतेक प्रकाश आहे त्याच रंगाने विखुरतो. साधारण एक कोटी फोटॉनांमागे एखाद्याचाच रंग बदलतो. किती बदलायचा ते रेणूच्या कंपनावर ठरते, म्हणून त्या बदलावरून रेणू ओळखता येतो. ५३२ नॅनोमीटरचा लेझर वापरला तर सल्फेटची ९८१ तरंगसंख्येची (रंग किती सरकला याचे माप, प्रति सेंटिमीटर) रेषा ५६१.३ नॅनोमीटरला उमटते, मिथेनची २९१७ च्या आसपासची रेषा ६२९.७ ला, आणि पाण्याचा स्वतःचा रुंद पट्टा ६५० च्या भोवती. कोणतेही रसायन घालायचे नाही, काही हलवायचे नाही, नमुन्याला हात लावायचा नाही.

हिरवाच लेझर का? प्रयोगशाळांत आज ७८५ नॅनोमीटरचा लेझर लोकप्रिय आहे, कारण त्याने प्रतिदीप्तीचा (नमुना स्वतःच चमकण्याचा) त्रास कमी होतो. समुद्रात तो पंगू ठरतो. एक तर रामन विकिरणाची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटते. ५३२ च्या तुलनेत ७८५ ला संकेत पावणेपाच पटींनी कमी मिळतो. दुसरे, ७८५ चा प्रकाश पाण्यात अर्धा मीटर जायच्या आतच एक-तृतीयांशाच्या आसपास उरतो. तिसरी गोष्ट पुस्तकांत सहसा लिहिलेली नसते: या लेझरने मिथेनची रेषा १०१८ नॅनोमीटरला जाते. तिथे पाणी प्रकाश शोषून घेते आणि सिलिकॉनचा सीसीडीही जवळजवळ आंधळा असतो. म्हणून समुद्रात ५३२. त्याची किंमत मोजावी लागते, ती पुढे सांगतो.

यंत्रात लेझर, झोत नेणारा आणि विखुरलेला प्रकाश गोळा करणारा प्रोब, दोहोंना जोडणारी ऑप्टिकल फायबर, लेझरचा मूळ रंग अडवणारा फिल्टर, प्रकाश रंगांत फोडणारी रेघांची ग्रेटिंग आणि थंड केलेला सीसीडी असतो. प्रत्येक भागाची स्वतःची खोड आहे. फायबर सिलिकाची असते आणि सिलिकालाही स्वतःचे रामन विकिरण असते. काही मीटर फायबरमधून आलेला लेझर सोबत सिलिकाचे पट्टे घेऊन येतो. त्यामुळे फक्त लेझरचा रंग जाऊ देणारा फिल्टर लेझरच्या तोंडाशी नको, प्रोबच्या टोकाशी हवा. बाहेरच्या खिडकीचेही तसेच. ६००० मीटरवर ५ सेंटिमीटर व्यासाच्या खिडकीवर सुमारे १२ टनांचा भार पडतो, म्हणून नीलमाच्या स्फटिकाची, म्हणजे सफायरची खिडकी लावतात. पण सफायरची स्वतःची रेषा ४१८ तरंगसंख्येजवळ येते. ती माहीत असेल तर उलट कामाला येते: प्रत्येक वर्णपटात ती ठरल्या जागी दिसली पाहिजे, सरकली असेल तर यंत्राची मांडणी हलली आहे असे समजावे. माहीत नसेल तर तिला नवे खनिज समजण्याची चूक होते.

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटने पीटर ब्रूअर यांच्या गटाच्या पुढाकाराने ‘डोरिस’ नावाचे असे यंत्र या शतकाच्या सुरुवातीला ३६०० मीटरपर्यंत नेले. लेझर ५३२ नॅनोमीटरचाच. पाण्यात किंवा पारदर्शक स्फटिकात मोजताना केंद्रबिंदू थोडा मागेपुढे झाला तर चालते. पण अपारदर्शक दगडावर केंद्रबिंदू मिलिमीटरच्या काही दशांशांनी जरी चुकला तरी संकेत नाहीसा होतो, आणि यंत्र नेणाऱ्या मानवरहित वाहनाचा हात प्रवाहात स्थिर राहत नाही. शेवटी त्यांना प्रोब ०.१ मिलिमीटरच्या पावलांनी सरकवणारे वेगळे तिपाईसारखे साधन बनवावे लागले, जे तळावर ठेवून वाहन बाजूला होते. भारताच्या बेतात असे साधन धरलेले असले पाहिजे. पाणबुडीच्या हातात प्रोब दिला की झाले, असे गृहीत धरून चालणार नाही.

आपल्याला या पद्धतीचा सर्वांत मोठा उपयोग गॅस हायड्रेटसाठी आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००६ च्या राष्ट्रीय मोहिमेत हायड्रेट सापडले आणि २०१५ ला दुसरी मोहीम झाली. मिथेन कोणत्या रूपात आहे हे रामन रेषेवरून कळते, आणि इतक्या थेटपणे ते दुसऱ्या कशाने कळत नाही. मोकळ्या वायूची रेषा २९१७ ला, पाण्यात विरघळलेल्याची २९११ च्या आसपास, आणि हायड्रेटमधल्या मिथेनच्या दोन: मोठ्या पिंजऱ्यातल्याची २९०५, लहान पिंजऱ्यातल्याची २९१५. नेहमीच्या रचनेच्या हायड्रेटमध्ये मोठ्या पिंजऱ्यांची संख्या लहानांच्या तिप्पट असते, त्यामुळे या दोन रेषांचे क्षेत्रफळही साधारण तीनास एक येते. हे प्रमाण बिघडले तर एक तर हायड्रेटची रचना वेगळी आहे किंवा मधे मोकळ्या वायूचे बुडबुडे अडकले आहेत.

यातून यंत्राला एक अट आपोआप पडते. २९०५ आणि २९१५ मधले अंतर ६३० नॅनोमीटरच्या परिसरात फक्त ०.४ नॅनोमीटर आहे. दीड नॅनोमीटर पृथक्करणाचा, म्हणजे त्याहून जवळच्या रेषा वेगळ्या न दाखवणारा, स्वस्त स्पेक्ट्रोमीटर या दोन रेषा एकच म्हणून दाखवेल. मिथेन आहे एवढे तो सांगेल. हायड्रेट आहे की बुडबुडा, ते सांगणार नाही. निविदा काढताना ही ओळ राहून गेली तर पुढची सगळी मेहनत वाया.

मिथेनपेक्षाही विश्वासू साक्षीदार सल्फेट आहे. समुद्राच्या पाण्यात किलोला सुमारे २८ मिलिमोल सल्फेट असते आणि खुल्या समुद्रात ते क्षारतेच्या प्रमाणातच राहते. तळाच्या चिखलात खाली जावे तसे जंतू ते खर्च करतात, आणि खालून मिथेन येत असेल तर अधिक वेगाने. सल्फेट किती खोलीवर संपते त्यावरून खालून मिथेन किती जोरात येतो याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी सच्छिद्र टोकाची नळी चिखलात खुपसून आतले पाणी हळू ओढायचे आणि लेझरसमोरच्या लहानशा कप्प्यातून न्यायचे. फार जोरात ओढले तर दोन गोष्टी होतात: वरचे समुद्राचे पाणी नळीच्या कडेने खाली उतरून मिसळते आणि सल्फेट खोटेच वाढलेले दिसते, किंवा टोकाशी दाब उतरून बुडबुडे सुटतात आणि मिथेन खोटाच घटतो. ९८१ च्या रेषेवर लक्ष ठेवले की पहिली गडबड लगेच पकडता येते.

मध्य हिंदी महासागरात भारताकडे बहुधात्विक गोट्यांच्या शोधासाठी ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र आहे. मँगनीज, लोह, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले हे काळे गोटे. त्यांच्यासाठी रामन पद्धत पुढे करणे आम्हाला चुकीचे वाटते. मँगनीजची ही ऑक्साइडे काळी, अर्धवट स्फटिकी; लेझर शोषून घेतात, आणि मोबदल्यात ५०० ते ६५० तरंगसंख्येदरम्यान एक मंद, रुंद उंचवटा देतात. तीव्रता वाढवली तर पृष्ठभाग तापून खनिजच बदलते. तांबे-निकेलची टक्केवारी त्यातून मिळणार नाही.

तिथे हवे ते लेझरने ठिणगी पाडून वर्णपट घेण्याचे तंत्र, ज्याला लिब्ज म्हणतात. लेझरचा एक लहान, जोरकस स्पंद दगडावर एकवटला की सुईच्या टोकाएवढा भाग वाफ होऊन प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, बनतो आणि त्यातले प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रेषा देते: तांबे ३२४.७ आणि ३२७.४ नॅनोमीटरला, कॅल्शियम ४२२.७ ला, सोडियम ५८९ च्या जोडीने. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवर हेच यंत्र होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात गंधक असल्याचे त्यानेच दाखवले. ते यंत्र इस्रोच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेत बनवले होते, म्हणजे हे तंत्र देशात आहे.

पण चंद्रावरचे यंत्र उचलून समुद्रात बुडवता येणार नाही. निर्वात जागेत प्लाझ्मा फैलावायला मोकळा असतो. पाण्यात त्याला चहूबाजूंनी पाणी दाबते, तो मायक्रोसेकंदाच्या आत विझतो, त्याच्या रेषा पसरट होतात आणि अखंड झगमगाटात बुडतात. उथळ पाण्यात यावर उपाय म्हणून दोन स्पंद वापरतात: पहिला बुडबुडा तयार करतो, दुसरा त्या बुडबुड्याच्या आत ठिणगी पाडतो. खोलवर हा उपाय फसतो, कारण दाबामुळे बुडबुडा लहान राहतो आणि दुसरा स्पंद पोहोचेपर्यंत मिटून जातो. मार्ग निघाला तो अनपेक्षित बाजूने. नेहमीच्या ५ ते १० नॅनोसेकंदांऐवजी शंभराहून अधिक नॅनोसेकंद लांबीचा एकच स्पंद दिला तर मोठ्या दाबाखालीही रेषा स्वच्छ मिळतात. जपानी संशोधकांनी ‘केमिकॅम’ हे असे यंत्र ओकिनावाच्या खोलगट पट्ट्यातील उष्ण झऱ्यांवर १००० मीटरच्या पुढे नेले, आणि दगडांसाठी लेझर ४ मीटर फायबरमधून प्रोबपर्यंत पोहोचवला. लांब स्पंदाचा हा आणखी एक फायदा: शिखर तीव्रता कमी असल्याने फायबरचे तोंड जळत नाही. गोट्यांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. ते सच्छिद्र असतात आणि आत समुद्राचे पाणी मुरलेले असते, म्हणून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमच्या रेषा दगडाच्या की पाण्याच्या, हे सांगता येत नाही. तांबे, निकेल यांचे मँगनीजशी प्रमाण काढावे, आणि एकाच ठिकाणी बरेच स्पंद मारून पहिले काही सोडून द्यावेत, कारण वरचा गाळाचा थर आधी उडतो.

लेझरने सगळेच कळते, असेही कोणी समजू नये. रामन पद्धतीला विरघळलेला वायू मिलिमोलच्या पातळीवर लागतो. मोकळ्या समुद्रात मिथेन नॅनोमोलमध्ये असतो, म्हणजे लाखो पटींनी कमी. तिथे वायू आरपार जाऊ देणाऱ्या पडद्यातून तो वेगळा काढून, दोन आरशांमध्ये प्रकाश पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या पोकळीत अवरक्त लेझरचे शोषण मोजावे लागते. हे यंत्र सूक्ष्म प्रमाण आणि कार्बनची समस्थानिकेही सांगते, पण पडद्यातून वायू यायला वेळ लागतो. वाहन वेगाने पुढे गेले तर आकडा मागच्या जागेचा असतो. नकाशावर मिथेनचा ठिपका चुकीच्या ठिकाणी पडण्याचे हे नेहमीचे कारण.

आता सोलापूरचे. वर सांगितलेल्या प्रत्येक यंत्राला आधी ज्ञात नमुन्यांवर शिकवावे लागते: कोणत्या पाण्यात कोणते शिखर किती उंच येते, तापमान बदलले की काय होते, कोणत्या रंगद्रव्याने काय झाकले जाते. असे हजारो वर्णपट लागतात. ते काम कंटाळवाणे, काटेकोर आणि फार खर्चाचे नसलेले आहे. विद्यापीठातल्या आणि शहरातल्या महाविद्यालयांतल्या एम.एस्सी.च्या प्रकल्पांना ते अगदी योग्य आहे.

सुरुवात कृत्रिम समुद्रजलापासून करावी. एक किलो पाण्यासाठी सोडियम क्लोराइड सुमारे २४ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फेट ४ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.७ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ०.२ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइडचे सहा जलरेणूंचे स्फटिक १०.८ ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइडचे दोन जलरेणूंचे स्फटिक १.५ ग्रॅम. किलोचा हिशेब क्षारांसह धरावा. आधी सोडियम-पोटॅशियमचे क्षार बहुतेक पाण्यात पूर्ण विरघळवावेत. मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार वेगळ्या थोड्या पाण्यात विरघळवून शेवटी, ढवळत ढवळत घालावेत. सगळे एकदम टाकले तर दाट जागी चुना किंवा जिप्सम धरतो, पाणी गढूळ होते आणि विखुरलेला लेझर फिल्टरलाही आवरत नाही. नळाचे पाणी वापरू नये. आपल्याकडचे पाणी जड असते आणि त्यात आधीच सल्फेट, बायकार्बोनेट असते.

मग सल्फेट सोडून बाकी सगळे तसेच ठेवून पाच द्रावणे करावीत: ०, ५, १०, २० आणि २८ मिलिमोल. त्यासाठी निर्जल सोडियम सल्फेट अनुक्रमे ०, ०.७१, १.४२, २.८४ आणि ३.९८ ग्रॅम लागते. बाटलीवरचे सूत्र नीट वाचावे. दहा जलरेणूंचे स्फटिक असतील तर २८ मिलिमोलला ९.०२ ग्रॅम लागतात. निर्जल समजून ४ ग्रॅम घेतले तर आलेखाची सगळी रेषा निम्म्याहून खाली येते आणि यंत्राला दोष दिला जातो. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) वापरून सोय करू नये. मॅग्नेशियम आणि सल्फेटची जोडी जमली की ९८१ च्या शेजारी ९९३ जवळ खांदा उमटतो, आणि त्यात मॅग्नेशियमचे प्रमाणही प्रत्येक द्रावणात बदलत जाते. याच कारणाने प्रमाण द्रावणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये न करता पूर्ण समुद्रजलात करायची.

मोजताना ५० ते १०० मिलिवॉटचा स्थिर ५३२ चा लेझर, क्वार्ट्झची १ सेंटिमीटरची क्युव्हेट (नमुन्याचे छोटे पारदर्शक भांडे), ५३२ अडवणारा एज फिल्टर आणि रेघांची संख्या मिलिमीटरला १२०० किंवा १८०० असलेली ग्रेटिंग. हिरवा लेझर पॉइंटर चालणार नाही. तो तापला की रंग सरकतो, एकाच वेळी दोन-तीन रंग देतो आणि सोबत ८०८ व १०६४ नॅनोमीटरचे न दिसणारे किरणही सोडतो. लेझर चालू करून अर्धा तास स्थिरावू द्यावा. तरंगलांबीचे माप निऑन दिव्याने बसवावे, ५८५.२ आणि ६४०.२ च्या रेषा सोयीच्या; तरंगसंख्येची खातरजमा सायक्लोहेक्सेनच्या ८०१ च्या रेषेने करावी. निऑनची रेषा जागेवर असून सायक्लोहेक्सेनची सरकली असेल तर दोष लेझरचा. दोन्ही सारख्याच सरकल्या तर ग्रेटिंग हलली. प्रत्येक मापाआधी लेझर झाकून तेवढ्याच वेळाचे कोरे माप घ्यावे आणि वजा करावे. खोलीतले एलईडी दिवे बंद. एक लांब माप घेण्यापेक्षा थोड्या सेकंदांची वीस मापे घेऊन मध्यमान काढावे, म्हणजे विश्वकिरणांमुळे एखाद्या मापात उसळलेली सुईसारखी रेषा ओळखून काढता येते.

शेवटी ९८१ च्या शिखराचे क्षेत्रफळ पाण्याच्या १६४० च्या शिखराच्या क्षेत्रफळाने भागायचे. हा भागाकार सगळ्या पद्धतीचा कणा आहे. लेझर मंदावला, खिडकीवर गाळ बसला, केंद्रबिंदू सरकला, तरी दोन्ही शिखरे सारखीच खाली येतात आणि गुणोत्तर टिकते. समुद्रतळाशी कोणी जाऊन खिडकी पुसणार नसते. पाणी हाच तिथला प्रमाण नमुना.

५३२ च्या लेझरची किंमत मोजावी लागते असे वर म्हटले, ती प्रतिदीप्तीची. कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचा पिवळसर अंश, शेवाळ, रंगद्रव्ये या प्रकाशात स्वतः चमकतात आणि रामन रेषा त्या चमकेत हरवतात. हे शिकायला सोलापूरसारखी जागा नाही. चादरी-टॉवेलच्या रंगखात्यांतून निघणारे पाणी आणि उजनी धरणाचे पाणी, दोन्ही हाताशी आहेत. पाण्यात चमकणारे रंगद्रव्य अगदी नाममात्र असले तरी सल्फेटचे शिखर झाकू शकते. किती प्रमाणाला झाकले जाते याचा तक्ता कोणी नीट केला तर तो किनाऱ्यालगतच्या प्रदूषित पाण्यात यंत्र चालवणाऱ्यांना थेट वापरता येईल. उजनीत उन्हाळ्यात पाणी हिरवे होते, तेव्हा क्लोरोफिलची चमक ६८५ नॅनोमीटरला येते आणि पाण्याचा रामन पट्टा ६५० ला. या दोहोंच्या गुणोत्तराने शेवाळाचे प्रमाण मोजणे ही समुद्रावर विमानातून लेझर टाकून करतात तीच पद्धत आहे. मात्र एक गाठ आहे. निळ्या-हिरव्या जंतूंमधल्या फायकोसायनिनची चमकही ६५० च्याच आसपास येते. ते जास्त असतील तर पाण्याचे शिखर फुगते, गुणोत्तर घटते, आणि नेमक्या सर्वांत वाईट पाण्यात शेवाळ कमी असल्याचा निष्कर्ष निघतो. म्हणून पाण्याच्या पट्ट्याचा आकार तपासावा. नेहमीचा आकार बिघडला असेल तर ते माप बाद करून दुसऱ्या रंगाच्या लेझरने घ्यावे.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. १०० मिलिवॉटचा लेझर धोक्याच्या वर्गवारीत ३बी वर्गात येतो. थेट किंवा आरशासारख्या पृष्ठभागावरून परतलेला झोत डोळ्यात गेला तर पापणी मिटायच्या आत पडदा भाजतो. ५३२ साठीचे प्रमाणित चष्मे, झोताच्या उंचीवर डोळे येणार नाहीत अशी मांडणी, हातातली घड्याळे-अंगठ्या काढून ठेवणे आणि दारावर पाटी, एवढे नसेल तर प्रयोग करू नये.

आमच्या मागण्या तीन आहेत. ‘मत्स्य ६०००’ आणि चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या मानवरहित वाहनांवर कोणते वर्णपटमापक बसणार, त्यांचे पृथक्करण किती, हे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने जाहीर करावे. ‘डीप ओशन मिशन’ला २०२१ मध्ये ४०७७ कोटींची मंजुरी मिळाली, त्यातून मिळणारे कच्चे वर्णपट, कोऱ्या मापांसह, ठरावीक मुदतीनंतर विद्यापीठांना खुले व्हावेत. केवळ अंतिम आकडे दिले तर ते तपासता येत नाहीत. तिसरी मागणी आपल्याच शहराकडे आहे: सोलापूर विद्यापीठाने भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांना मिळून एक रामन मांडणी द्यावी, आणि तिच्यावर सल्फेट, कार्बोनेट व रंगद्रव्ये यांच्या वर्णपटांचा संग्रह पुढच्या शैक्षणिक वर्षापासून सुरू करावा. कॅल्साइट आणि ॲरॅगोनाइट यांच्यापासून आरंभ सोपा पडेल. दोघांचीही मुख्य रेषा १०८५ च्या आसपास असते, पण कॅल्साइटची दुसरी रेषा २८१ ला आणि ॲरॅगोनाइटची २०५ जवळ येते, आणि दोन्ही खनिजांचे नमुने भूगर्भशास्त्राच्या कपाटात सहसा सापडतात.

आपले,
भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे काही अध्यापक,
सोलापूर